खिळ्यावरचे तीन आठवडे

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हांला खरे वाटणार नाही. आजवर कोणालाच वाटलेले नाही. बोटाएवढी माझी उंची, पिसाएवढे वजन, आणि तरी मी एकदा बावीस किलोच्या कुत्र्याला जिथल्या तिथे थोपवून धरले होते. हसलात ना? हसा. या खणातले सगळेच हसतात.

मी एक जुनी सिरिंज आहे. सुई नसलेली. शिलाई मशीनच्या डाव्या खणात माझा मुक्काम असतो. शेजारी एक टेप, बोटात घालायचे एक अंगुस्तान, खडूचे दोन तुकडे, मोजता येणार नाहीत इतकी बटणे, आणि कोपऱ्यात एक तपकिरी काचेची बाटली. बाटलीत मशीनचे तेल असते. अक्का माझ्या तोंडाने ते ओढून घेते आणि मशीनच्या सांध्यासांध्यात एकेक थेंब सोडते. माझ्या पोटावरच्या रेघा तेलाने पुसत चालल्या आहेत. पाचांपैकी दोन उरल्या. टेपला याचा कोण आनंद! "माझ्या अंगावर साठ इंच आहेत, बाई," असे ती दिवसातून चारदा ऐकवते.

बाटली मात्र कधी चकार शब्द काढत नाही. काढणार कशी? तोंडात कायम रबरी बूच. आज अक्का तेल घालायला बसली, बूच काढून बाजूला ठेवले, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली म्हणून उठून गेली. ती दारात कोणाशी तरी बोलते आहे. ती परत येईपर्यंत मला माझी गोष्ट आटपायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या यंत्राने एक श्वास घेतला आणि आम्ही चाळीस हजार बहिणी एकदम बाहेर पडलो.

"चाळीस हजार?" अंगुस्तान खणखणले.

बरे, चारशे. पण चारशे बहिणींतही सगळ्यांत गुळगुळीत मीच होते, हे लिहून घ्या. माझ्या पोटात काळा रबरी दट्ट्या बसवला, अंगावर रेघा आखल्या, आणि कागदाच्या पाकिटात घालून मला चिकटवून टाकले. त्या पाकिटात मी दोन वर्षे झोपले. झोपेत मला स्वप्ने पडत. मी राजाला टोचते आहे, हत्तीला टोचते आहे. पुढे कळले की मला टोचायचे कामच नव्हते. मला जिथे जायचे होते ती जागा चारचौघांत सांगताना अजून माझे प्लॅस्टिक लालेलाल होते. पण सांगते. कुत्र्याच्या शेपटीखाली.

हसून झाले? आता ऐका.

या घरात दोन म्हातारी भावंडे राहतात. धाकटा भाऊ अग्निशमन दलात होता. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी सगळी गल्ली त्यांना बंबवाले म्हणते. थोरली बहीण म्हणजे आमची अक्का. ती कपडे शिवते. तिच्या हाताची काजे बघायला लोक चष्मा शोधतात, इतकी ती बारीक आणि सारखी. सुईत दोरा ओवायला तिला एकच खेप लागते, तीही बोलता बोलता, दुसरीकडे बघत. आणि तिसरा प्राणी म्हणजे ढब्बू. कान पडलेला, पोट सुटलेला, जातकुळी कोणालाच ठाऊक नसलेला कुत्रा. कोळशाच्या रंगाचा म्हणून बंबवाल्यांनी त्याला आणला, पण तो झाला अक्काचा. ती मशीन चालवायला बसली की तो पायट्याच्या शेजारी येऊन निजायचा, आणि तिचा पाय वरखाली होई तसे त्याचे पोट वरखाली होई.

एके दिवशी ढब्बूला फिट आली. ती आपोआप थांबली. महिन्याभराने दुसरी आली, तेव्हा दोघे भावंडे त्याला चादरीत उचलून दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कपाटातून काढले. त्या घाईत होत्या. बाहेर एका मांजरीने सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता.

"रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "तरीही फिट आली तर आधी घड्याळ बघायचं. तोंडात हात घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. दोन मिनिटांत थांबली नाही की हे औषध. या सुईने बाटलीतून ओढायचं, सुई काढायची, ही मऊ नळी लावायची आणि मागून सोडायचं. थांबली नाही तर मला फोन. पाच मिनिटांच्या वर गेली तर जिवाशी खेळ असतो. बाटली कपाटात, अंधारात. आणि भरायचं ते त्याच वेळी. आधी भरून ठेवायचं नाही."

"त्याच वेळी म्हणजे वेळ जाणार की," बंबवाले म्हणाले.

"जाऊ दे वीस सेकंद," बाई म्हणाल्या आणि मांजरीकडे धावल्या.

का भरून ठेवायचे नाही, ते त्यांनी सांगितले नाही. आणि यांनी विचारले नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळे पाप त्या एका न विचारलेल्या प्रश्नात मावते. निदान मी तसे म्हणते.

आता बंबवाल्यांचा स्वभाव सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना मूर्ख समजाल. तीस वर्षे ज्या माणसाने विजारीचे पाय बुटांत अडकवून ठेवले, म्हणजे घंटा वाजली की एका उडीत दोन्ही चढतील, ज्याच्या बंबाचे तोंड कायम रस्त्याकडे असे, ज्याला कधी पाइप सोडवत बसावे लागले नाही, तो माणूस वीस सेकंद कसे जाऊ देईल? आजही ते चपला काढतात त्या दाराकडे तोंड करून. घरी आल्या आल्या त्यांनी बाटलीतून औषध ओढले, मला भरले, टोपी लावली, लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि ढब्बूच्या गोधडीवर, खिडकीशेजारी, एका खिळ्याला मला टांगले.

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या ना?" अक्काने विचारले.

"त्या दवाखान्यात बसतात गं. आग कशी पसरते ते त्यांना काय ठाऊक? तयार म्हणजे तयार!"

"तुझ्या बंबाचं आणि कुत्र्याचं एकच का रे?"

"आगीला नाव नसतं, अक्का. बघशील, हीच गोष्ट त्याला वाचवील."

अशी माझी स्तुती झाली. हीच गोष्ट! आल्यागेल्याला ते मला दाखवत. दूधवाला, पोस्टमन, समोरची मास्तरीण, सगळ्यांना. "हा आमचा छोटा बंब," म्हणत. मी खिळ्यावर फुगून बसले होते. खाली ढब्बू घोरत होता, शेजारी मशीन खडखडत होते, सकाळचे ऊन माझ्या पोटातून आरपार जात होते, आणि मला हळूहळू गोड गुंगी येऊ लागली.

त्या गुंगीबद्दल मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत आले की ती उन्हाची होती. ऊन होतेच. ऊन औषधाला वाईट असते, हेही खरे. पण आज बूच निघाले आहे, अक्का बाहेर आहे, तर सांगून टाकते. मी औषध पीत होते.

एकदम नाही हो. घटाघटा प्यायला मी काय चोर आहे? पण ते औषध प्लॅस्टिकला धरते. काचेत ते शहाण्यासारखे राहते. माझ्यासारखीच्या पोटात ठेवले की अंगात जिरत जाते. आज कणभर, उद्या कणभर. पाणी तेवढेच दिसते, रेघ तीच दिसते, लाल पट्टी तशीच झळकते, आणि आतले बळ माझ्या अंगात. मला वाटले, आपल्याला सुस्ती आली आहे. कोणाच्या वाट्याची झोप आपण झोपतो आहोत, हे मला समजले नाही. असे तीन आठवडे गेले.

मग ती दुपार आली. बंबवाले महिन्यातून एकदा अग्निशमन केंद्रावर नव्या पोरांना पाइप गुंडाळायला शिकवायला जात, तसे गेले होते. अक्का एका बाळाच्या फ्रॉकला काजे करत होती. ढब्बू पायट्याशी निजला होता. एकाएकी त्याच्या नखांचा फरशीवर तडतड आवाज सुरू झाला.

अक्काने आधी घड्याळ बघितले. मग सुई कापडात खोचली. हो, एवढ्या गडबडीतही खोचली, कुठेतरी टाकली नाही. स्टूल ढकलले, कात्री वर ठेवली, फ्रॉकच ढब्बूच्या डोक्याखाली सारला. खिडकीचा पडदा ओढला. आणि त्याच्या पाठीमागे जमिनीवर बसून म्हणत राहिली, "आहे रे मी. इथेच आहे. होऊ दे, होऊ दे." तिचा आवाज असा होता की तो ऐकून मला खिळ्यावर रडू आले.

दोन मिनिटे झाली. तिने मला उतरवले. टोपी काढली, नळी लावली, शेपूट उचलली, आणि मोजून सांगते, एक थेंब इकडेतिकडे न होता मला शेवटपर्यंत दाबले. मित्रांनो, मी आजवर कितीएक हात बघितले आहेत...

"तीन," टेप म्हणाली. "तिचे, भावाचे आणि डॉक्टरीणबाईंचे."

बरे, तीन माणसांचे. पण इतका स्थिर हात पुन्हा होणे नाही. हे मी शपथेवर सांगते, आणि माझ्या बाकीच्या गोष्टी खोट्या ठरल्या तरी ही ठरणार नाही.

काहीच झाले नाही.

ढब्बूचे पाय चालतच राहिले. फेस, मान मागे, डोळे उघडे आणि कोणाकडेच बघत नसलेले. माझ्या पोटातून जे गेले ते जवळजवळ पाणीच होते. तीन मिनिटे. चार. अक्का डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली; सातव्या मिनिटाला लागला, तो तिने खांद्याने कानाशी दाबला.

"दिलं. थांबत नाहीये हो."

"बाटलीत उरलंय?"

"आहे."

"मग पुन्हा तेवढंच भरा. आत्ता. ताजं. आणि फोन चालू ठेवा."

ती कपाटाकडे धावली. सुई लावली, बाटलीच्या बुचातून आत घातली, एका खेपेत. औषध ओढले, हवा काढली, सुई काढली, नळी लावली. वीस सेकंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेवढेच. या वेळी मला पिण्याइतका वेळच मिळाला नाही. आणि मिनिटभराने ढब्बूचे पाय हळू झाले, मग एकच पाय उरला, मग तोही थांबला. घड्याळात नऊ मिनिटे होऊन गेली होती.

बावीस किलोच्या कुत्र्याला थोपवले म्हणतात ते हेच. पण ते दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेचे मी कोणाला सांगत नाही.

बंबवाले घरी आले तेव्हा ढब्बू भिंतीला धडकत चालत होता. त्याला दिसत नव्हते. अक्काने हाक मारली तर तो तिच्याकडे पाठ करून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. बंबवाल्यांनी खिळा बघितला, मग बहिणीकडे बघितले.

"तयार होतं ना सगळं?"

"होतं."

"मग नऊ मिनिटं कशी लागली?"

"पहिलं लागू पडलं नाही."

"लागू पडलं नाही म्हणजे? बाहेर सांडलं असेल. घाबरलीस तू, अक्का. हात थरथरला असेल."

अक्काने आपल्या हाताकडे बघितले. जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग म्हणाली, "असेल."

एवढेच. असेल. मित्रांनो, मी त्या वेळी टेबलावर आडवी पडले होते. मला तोंड होते, आणि मी ते बंद ठेवले. सिरिंजांना बोलता येत नाही म्हणता? मग आत्ता कोण बोलते आहे?

दुसऱ्या दिवशी ढब्बूला दाखवायला नेले. अक्का आली नाही. "मी नको. माझ्याने काहीतरी बिघडायचं," म्हणाली. बंबवाल्यांनी मला खिशात घातले, आणि दवाखान्यात टेबलावर ठेवून विचारले, "हिच्यात काही दोष आहे का बघा."

डॉक्टरीणबाईंनी लाल पट्टी बघितली. "ही भरलेली होती? कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतील. तयार असावी म्हणून."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात समजावून सांगितले: प्लॅस्टिक, ऊन, जिरत जाणारे औषध. "का ते मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. माझंही चुकलं. डावा डोळा बहुधा अधूच राहील. पण तुमच्या ताईंनी दुसरं ताजं भरलं म्हणून हा आज चालत आला आहे. आणि पहिलंही त्यांनी अगदी बरोबर दिलं होतं. त्यांना सांगा हं माझ्यातर्फे."

बंबवाल्यांनी मान हलवली. मला उचलून परत खिशात ठेवले. त्या खिशाच्या पलीकडे काय धडधडत होते ते मी ऐकले आहे. आगीत उडी घेताना असा आवाज होत असेल तर मला आगीची गोष्ट सांगू नका.

घरी अक्का दारातच उभी होती. "काय म्हणाल्या?"

बंबवाले चपला काढत राहिले. दाराकडे तोंड करून त्या नीट लावत राहिले. मग म्हणाले, "म्हणाल्या, पुढच्या वेळी काळजी घ्या."

त्या दिवसापासून ढब्बूच्या औषधांचा डबा बंबवाल्यांच्या खोलीत गेला. नवी बाटली अंधारात, नव्या सिरिंजा पाकिटात. सगळे अगदी जसे सांगितले होते तसे. अक्का त्या डब्याला हात लावत नसे. ढब्बू चाचपडत मशीनच्या खोलीशी आला की ती त्याला म्हणे, "जा रे बाबा, तिकडे जा त्याच्याकडे. माझ्याजवळ नको." आणि एकदा, मी डोळ्यांनी बघितले, तिला सुईत दोरा ओवायला तीन खेपा लागल्या.

पण मित्रांनो, धीर सोडू नका. चांगल्या गोष्टीचा शेवट चांगलाच असतो, आणि माझी गोष्ट चांगली आहे. आठव्या दिवशी काय झाले ते ऐका. मला राहवेना. मी बंबवाल्यांच्या टेबलावरून स्वतः गडगडत निघाले. काठावरून उडी मारली आणि नेमकी त्यांच्या पायाशी पडले. त्यांनी मला उचलले, बराच वेळ बघितले, आणि तडक अक्काच्या खोलीत आले. समोरच्या स्टुलावर बसले.

"अक्का," ते म्हणाले, "तुझा हात थरथरला नव्हता. मी भरून ठेवलं म्हणून ते गेलं. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. माझं चुकलं गं."

अक्काने आधी त्यांना टेप फेकून मारली. ही बघा, हीच टेप! मग ती रडली, मग ते रडले, मग दोघे हसली. आणि ढब्बू एका डोळ्याने वाट काढत आला आणि पायट्याशी धपकन निजला. म्हणून मित्रांनो, माझे तुम्हांला हात जोडून सांगणे आहे. औषध जसे सांगितले तसेच ठेवा, का ते विचारून घ्या. आणि चूक झाली तर ती दुसऱ्याच्या हातावर ठेवू नका. झटकन कबूल करा. आमच्या बंबवाल्यांनी कशी...

"खोटं."

टेप नव्हे. अंगुस्तान नव्हे. कोपऱ्यातून आवाज आला, जाड आणि तेलकट. बाटली बोलत होती.

"अगं, तू..." मी म्हणाले.

"मला कोणी मारलं नाही," टेप हळूच म्हणाली. "मी मघाशीच विचारणार होते."

"आठव्या दिवशी ते आले, ते खरं," बाटली म्हणाली. "स्टुलावर बसले, ते खरं. 'अक्का' म्हणाले, तेही खरं. एका हातात तू होतीस, दुसऱ्यात ढब्बूचं औषध ओतून, धुऊन पुसलेली मी. आणि म्हणाले, 'तुझ्या मशीनला तेल लागतं ना गं? या दोन घे. उपयोगी पडतील.' माफी मागायला आले आणि तेलाची सोय करून गेले. त्याला आज चार महिने झाले. तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ढब्बू बाहेर पायपुसण्यावर निजतो. आणि आत्ता ती दारात कोणाशी बोलते आहे, ठाऊक आहे तुला? गप्प बस जरा. ऐक."

आम्ही ऐकले. दारातून अक्काचा आवाज येत होता.

"नाही हो, राग कसला? हा घ्या बाळाचा नवा फ्रॉक. काजं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही."